खोटा प्रवासी

"सॉरी म्हणू नकोस!" मी वहिनीवर खेकसले. "किती वेळा सांगायचं गं? सॉरी नाही. वी अपॉलॉजाइज फॉर द इन्कन्व्हीनिअन्स."

वहिनी ओट्यापाशी भांडी विसळत होती. दादा स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. तो चिडलेला प्रवासी झाला होता आणि त्याची बॅग हरवली होती. त्या दिवसांत आमच्या घरात रोज संध्याकाळी बॅगा हरवायच्या, विमानं चुकायची, आणि दादा हौसेने टेबलावर मुठी आपटायचा. एरवी ऑफिसात साहेबापुढे ज्याची मान वर होत नाही, तो घरी इंग्रजीत असा काही डरकाळ्या फोडायचा की शेजारचे डोकावून जायचे.

"दोन्हींत फरक काय?" वहिनीने विचारलं. "माफीच मागायची ना?"

"सॉरी आपल्याला वाटतं. अपॉलॉजाइज कंपनी करते," मी म्हणाले. "तू मध्ये यायचंच नाहीस."

हे मी तिला अगदी ठासून सांगितलं. माझं हे असंच आहे. एखादी गोष्ट मला येत असली की समोरच्याला ती अजून का येत नाही, याचाच मला राग येतो. मी विमानतळावर तक्रारींच्या खिडकीत बसते. रोज माणसं येतात, शिव्या घालतात आणि जातात. माझं इंग्रजी त्या शिव्यांवर पोसलंय. वहिनी त्याच विमानतळावर व्हीलचेअर ढकलायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांना दारापासून विमानापर्यंत न्यायचं, त्यांच्या काठ्या, पिशव्या, पाय सांभाळायचे. ते काम तिला मनापासून आवडायचं. पण तिच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, ढकलणं बंद म्हणजे बंद.

नेमकी तेव्हाच माझ्या शेजारची खिडकी रिकामी झाली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, इंग्रजीचा वर्ग करू दे, परीक्षा पास होऊ दे, खुर्ची तिची. नाही झाली तर मग घरी. आणि घरी बसणं म्हणजे काय ते वहिनीला चांगलं माहीत होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती घरी बसली होती, आणि तेव्हाची वहिनी मला आठवते. दुपारी दार उघडलं की भिंतीकडे बघत बसलेली असायची. विमानतळावर लागली आणि बाई जिवंत झाली, हसायला लागली, माझ्याशी भांडायलाही लागली. म्हणून मी तिच्या मागे हात धुऊन लागले होते. तिच्या भल्यासाठीच. खोटं कशाला सांगू?

वर्ग सामानाच्या गोदामावरच्या खोलीत भरायचा. खाली पट्टे सुरू झाले की बाकं थरथरायची. शिकवायला जे सर होते त्यांचं नाव कुणाला धड आठवत नसे, सगळे त्यांना पार्डनसर म्हणायचे. कुणी काहीही बोललं की ते कानाला हात लावून "पार्डन?" म्हणायचे, आणि पुन्हा सांगावं तर पुन्हा "पार्डन?" व्यवस्थित वाक्य आलं तरच त्यांचे कान उघडायचे. वहिनीची पहिल्या आठवड्यात बोबडीच वळली होती. पण पोरगी चिवट. चहा गाळताना वाक्यं, कपडे वाळत घालताना वाक्यं. शेवटीशेवटी तर झोपेत दादाला "थँक यू फॉर युवर पेशन्स" म्हणाली, असं तो सांगत होता.

परीक्षा कागदावर नव्हती, तीच तर गोम होती. परीक्षेच्या दिवशी उमेदवाराला खिडकीत बसवायचं आणि कंपनी एक खोटा प्रवासी पाठवायची. तिकीट खरं, तक्रार बनावट. तो कोण, कधी येणार, कुणालाच सांगायचे नाहीत. पार्डनसरांनी शेवटच्या वर्गात सगळ्यांना सावध केलं.

"तो तुम्हाला घोळात घेईल," ते म्हणाले. "रडेल, ओरडेल, देवाची शपथ घालेल. मुख्य म्हणजे तुमच्या भाषेत बोलायला लावेल. ताई म्हणेल, मुली म्हणेल. तिथेच बहुतेकजण घसरतात. एक शब्द जरी आपल्या भाषेत गेला तरी परीक्षा संपली."

एरवी आम्ही सगळ्याच खिडकीत आपल्या भाषेत बोलतो, नाही असं नाही. आमच्या रांगेत माणसं कुठून कुठून आलेली, निम्म्याजणींना आपली भाषा कळतही नाही, पण ज्यांना येते त्या बोलतात. परीक्षेच्या दिवशी मात्र नाही. मी घरी वहिनीकडून तेच घोकवून घेतलं. "काही झालं तरी इंग्रजी. समोर तुझा सख्खा बाप आला तरी इंग्रजी. आपल्या भाषेत बोललीस की मेलीस."

"आणि बापाला इंग्रजी येत नसलं तर?" वहिनी म्हणाली.

"मग बापाने शिकावं," मी म्हणाले, आणि दादा खो खो हसला.

परीक्षेच्या सकाळी वहिनी नवा गणवेश घालून शेजारच्या खिडकीत बसली. गळ्यातला रुमाल मीच बांधून दिला. तिचे हात बर्फासारखे गार. पहिला एकजण आला, त्याला स्वच्छतागृह कुठे ते हवं होतं. ते तिने इतक्या थाटात सांगितलं की तो बिचारा "ओके, ओके" करत मागे सरकला. मग एक बाई आली, तिला नाश्त्याचं कुपन हवं होतं. दोघीही मनात म्हणायचो, हा नाही, ही नाही.

आणि मग ते आले.

सत्तरीचे असतील. अंगात इस्त्रीचा सदरा, प्रवासासाठी मुद्दाम घातलेला, आणि हातात बायकी पर्स. धापा टाकत होते. माझ्या खिडकीत गिऱ्हाईक होतं, म्हणून ते वहिनीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे एक चष्मेवाली बाई रांगेत येऊन थांबली.

"मुली," ते म्हणाले, "माझ्या पासवर सीटच नाही बघ."

मुली! मी समोरच्या गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकता ऐकता कान तिकडे टवकारले. आला रे आला. वहिनीनेही ओळखलं. ती ताठ झाली, हसली, आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर. हाउ मे आय असिस्ट यू?"

त्यांनी बोर्डिंग पास पुढे केला. सीटच्या आकड्याऐवजी तिथे तीन अक्षरं छापलेली होती. विमानात जागेपेक्षा जास्त तिकिटं गेली की शेवटी आलेल्यांना असा पास देतात. कुणी आलं नाही तर जागा, नाहीतर पुढचं विमान. हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं दिसत नव्हतं.

"माझी बायको आत गेलीय," ते म्हणाले. "व्हीलचेअरवाल्याने तिला पुढे नेलं. मला म्हणाला, तुम्ही या मागून. आता मला आत सोडत नाहीत. मुलाने तिचं तिकीट आधी काढलं आणि माझं मागाहून, म्हणून तुमच्या कॉम्प्युटरला आम्ही एकत्र आहोत हे कळत नाही म्हणे. मुली, ती विसरते. तिला काही लक्षात राहत नाही. मी दिसलो नाही की ती घाबरते. तू आपलीच दिसतेस, आपल्या भाषेत बोलतेस ना?"

वहिनीने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या आडून मान हलवली. नाही. अजिबात नाही.

"आय कॅन असिस्ट यू इन इंग्लिश, सर," वहिनी म्हणाली. हसू जरासुद्धा हललं नाही.

काय सांगू, मला इतका अभिमान वाटला!

त्यांचा चेहरा पडला. ओठ ओले करून त्यांनी जुळवाजुळव सुरू केली. "माय वाइफ... इनसाइड. अलोन. शी... शी फर्गेट. ऑल फर्गेट."

"आय कंप्लीटली अंडरस्टँड युवर कन्सर्न, सर."

"यस! यस, अंडरस्टँड!" ते एकदम उजळले. वहिनीच्या पुढ्यातल्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "फोन. प्लीज. फोन इनसाइड."

खरंतर फोनच करायचा होता. गेटवर एक फोन. आत व्हीलचेअरवर बाई आहे, विसरभोळी आहे आणि तिचा माणूस बाहेर राहिलाय, एवढं सांगितलं की गेटवरचे एकतर त्याला आत घेतात, नाहीतर तिला उतरवून घेतात. सोबतीशिवाय अशा माणसाला विमानात बसवतच नाहीत. हे वहिनीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ढकलायच्या कामावर असताना तिने स्वतः असे फोन केले होते. पण खोट्या प्रवाशासाठी खरा फोन करून खरं विमान कसं थांबवायचं? पार्डनसरांच्या पायऱ्यांत फोन नव्हताच. ऐकून घ्या, मान्य करा, कंपनीतर्फे दिलगिरी सांगा, दुसरा मार्ग द्या, आभार माना. वहिनी पायरीपायरीने चालली होती.

"वी अपॉलॉजाइज फॉर द इन्कन्व्हीनिअन्स, सर. देअर इज अ सीट ऑन अवर आफ्टरनून फ्लाइट."

"आफ्टरनून नो!" त्यांनी काउंटरवर हात ठेवले. मग इंग्रजी सोडूनच दिलं. "अगं, ती तोवर काय करेल? तिचा चष्मासुद्धा माझ्याकडे राहिलाय, हा बघ. तिला समोरचं दिसायचं नाही. ती मला हाका मारत फिरेल गं." त्यांनी खिशातून बायकी चष्मा काढून तिच्यापुढे धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

आणि मी काय विचार केला? मी विचार केला, वा रे पठ्ठ्या! सामानसुमानासकट आलाय. पर्स काय, चष्मा काय, डोळ्यांत पाणी काय. कंपनीने यंदा माणूस बाकी भारी शोधलाय. हे सगळं माझ्या मनात अस्संच्या अस्सं आलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

वहिनी मात्र डगमगली. तिचं हसू ओघळलं, हात फोनकडे गेला. मी बघितलं. माझं गिऱ्हाईक तेवढ्यात गेलं होतं. मी खुर्ची तिच्या बाजूला सरकवली आणि दात न उघडता पुटपुटले, "इंग्रजी."

फोनपर्यंत गेलेला हात तिने मागे घेतला. दुपारच्या विमानाचा कागद छापला, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "थँक यू फॉर युवर पेशन्स, सर."

त्यांनी कागद घेतला. तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "थँक यू, मॅडम." चष्मा खिशात ठेवला आणि बाजूला झाले. मी टेबलाखालून वहिनीला अंगठा दाखवला.

मागची चष्मेवाली बाई पुढे आली. तिला काही नको होतं. ती वहिनीकडे बघून हसली, हातातल्या फोनवर काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. मला वाटलं, चुकून रांगेत उभी राहिली असेल.

मग माझा फोन वाजला. गेटवरचा माणूस होता. दार बंद झालं होतं, शिडी काढली होती, विमान सरकलं होतं. आतून निरोप आला होता. "अगं, एक म्हाताऱ्या बाई पट्टा सोडून उठतायत. सारखं 'हे कुठे गेले, हे कुठे गेले' चाललंय. कुणाला आवरत नाहीत. तुमच्याकडे त्यांच्या मिस्टरांनी काही चौकशी केली होती का?"

"हॅलो?" तो म्हणाला. "हॅलो, केली होती का?"

वहिनीने माझा चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं. ती एवढंच म्हणाली, "खरे होते?"

मी मान डोलावली. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. गळ्यातला रुमाल मी बांधला होता तसाच नीटनेटका होता.

तेवढ्यात पार्डनसर आणि मोठ्या मॅडम लगबगीने आले. सर हसत होते. ती चष्मेवाली बाईच खोटी प्रवासी होती. पण तिला स्वतःची तक्रार सांगायची गरजच पडली नाही म्हणे. म्हाताऱ्यांचं प्रकरण तिने मागे उभं राहून अथपासून इतिपर्यंत ऐकलं होतं, आणि तेवढ्यावरच पूर्ण गुण दिले होते.

"इतक्या दबावाखाली एकदासुद्धा घसरली नाहीस!" सर म्हणाले. "मी हे सगळ्या वर्गांना सांगणार आहे."

मोठ्या मॅडमनी वहिनीशी हात मिळवला. खुर्ची तिची झाली. मी त्यांना गेटवरच्या फोनचं सांगितलं, अडखळत, अर्धंमुर्धं. मॅडमचा चेहरा उतरला, त्या लगेच धावपळीला लागल्या. विमान काही परत फिरलं नाही. पण एक हवाईसुंदरी त्या बाईंशेजारी बसून राहिली, उतरल्यावर तिथलं कुणीतरी त्यांच्याबरोबर थांबेल अशी सोय झाली, तसं मुलालाही कळवलं, आणि म्हाताऱ्यांना दुपारच्या विमानात पहिली जागा मिळाली. सर मात्र जाता जाता वहिनीला म्हणाले, "तुझी चूक नाही. नियमाने बघितलं तर तू सगळं बरोबर केलंस." हे त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं.

वहिनी उठली. "मी त्यांना भेटून येते."

"नको," मी म्हणाले. "आता कशाला? झालं ते झालं." मला तिची काळजी नव्हती. मला त्यांच्या समोर जायचं नव्हतं. पण तिने ऐकलं नाही आणि तिला एकटीला जाऊ द्यायलाही माझं मन घेईना, म्हणून मी पाठोपाठ गेले.

ते काचेच्या भिंतीजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. पर्स मांडीवर होती. बाहेर विमानं उभी होती, पण त्यांचं लक्ष हातातल्या फोनवर होतं. वहिनीला बघितल्यावर ते अर्धवट उठले आणि ओळखीचं हसले. चक्क हसले.

"थँक यू, मॅडम," ते म्हणाले. "वाइफ ओके. सन टेल. ओके."

"काका," वहिनी म्हणाली, "मला माफ करा. माझं चुकलं. माझं फार चुकलं हो."

ते तसेच अर्धवट उभे राहिले. मग हळूच खाली बसले.

"तुला आपली भाषा येते?"

वहिनीने मान डोलावली.

"मला वाटलं येत नाही," ते म्हणाले. आवाज साधा होता, राग नव्हता. "मुलगा फोनवर नुसता भडकला होता. तिचं नाव विचारा, बाबा, तिला सोडत नाही म्हणत होता. मीच त्याला गप्प केलं. म्हटलं, अरे, त्या पोरीचा काय दोष? तिला आपली भाषा कळत नव्हती आणि मला तिची येत नाही. गोड होती बिचारी, म्हटलं, सारखी हसत होती."

मी वहिनीच्या मागे उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

"मग मी जे सांगत होतो ते तुला कळत होतं?"

"हो, काका."

"ती विसरते ते?"

"हो."

"आणि चष्म्याचं?"

"सगळं कळत होतं, काका."

"मग?" ते म्हणाले.

वहिनीने तोंड उघडलं. परीक्षा होती, आम्हाला वाटलं तुम्ही खोटे आहात, हे एवढंच तर सांगायचं होतं. पण त्यांच्या खिशातून चष्म्याची दांडी बाहेर आलेली दिसत होती, आणि ते वाक्य कुठल्याच भाषेत बोलण्यासारखं नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

त्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग फोन हातात नीट धरला, मान मागे करून त्यात बघितलं आणि मुलाचा नंबर काढला.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

वहिनीने सांगितलं. शाळेत बाई विचारतात तेव्हा सांगतात तसं, पूर्ण नाव, आडनावासकट, सावकाश. ते त्यांनी एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, बरोबर आहे ना म्हणून. तिने हो म्हटलं.

ते फोनवर मुलाशी बोलायला लागले. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.